आयव्हीएफ निगेटिव्ह आलं, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल निगेटिव्ह आला की घरात दोनच वाक्यं ऐकू येतात. एक म्हणतं, "लगेच पुन्हा करू या." दुसरं म्हणतं, "आता पुरे." दोन्ही मनापासून निघालेली असतात, पण त्या आठवड्यात दोन्हींपैकी एकावरही शिक्का मारू नये. आयव्हीएफ, म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करून तयार झालेला गर्भ गर्भाशयात सोडणं, ही सात-आठ कड्यांची साखळी आहे. ती नेमकी कुठल्या कडीवर तुटली, हे कागदावर पाहिल्याशिवाय पुढचा रस्ता ठरवता येत नाही.

बीटा (गर्भधारणेची रक्ततपासणी) निगेटिव्ह आलं. औषधं लगेच बंद करू का?

घरी केलेल्या लघवीच्या पट्टीवरून काहीच बंद करू नका. पट्टी लवकर केली तर खोटी निगेटिव्ह येते, आणि गर्भाशयाचं अस्तर टिकवणारं प्रोजेस्टेरॉन थांबवलं तर रुजू पाहणारा गर्भही हातचा जातो. पाचव्या दिवसाचा गर्भ सोडला असेल तर १० ते १४ दिवसांनी रक्तातलं बीटा एचसीजी तपासायचं. आकडा ५ च्या खाली असला आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं, तरच प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या थांबवायच्या. थायरॉईडची, मधुमेहाची, रक्तदाबाची गोळी मात्र चालूच ठेवायची, फॉलिक ॲसिडही. रागाच्या भरात सगळी पाकिटं एकदम कचऱ्यात जातात आणि थायरॉईड दोन महिन्यांत बिघडतं. हे फार वेळा घडतं.

पाळी साधारण २ ते ७ दिवसांत येते. अस्तर औषधांनी जाड केलेलं असतं, म्हणून रक्तस्राव नेहमीपेक्षा जास्त, गाठींचा आणि दुखरा असतो. सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भिजत असेल तर फोन करा. दोन आठवड्यांत पाळी आली नाही तर बीटा पुन्हा करा.

आकडा निगेटिव्हही नाही आणि पॉझिटिव्हही नाही. तो १८ आला आहे.

४८ तासांनी पुन्हा रक्त द्यायचं. उतरला तर गर्भ रुजायला लागून थांबला होता. कमीच राहून हळूहळू चढत असेल तर गर्भ नळीत रुजल्याची शंका घ्यावी लागते. गर्भाशयात सोडलेला गर्भही नळीत जाऊ शकतो. पोटात एका बाजूला दुखणं, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न पाहता जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा. तिथे गेल्यावर पहिलं वाक्य "आयव्हीएफ झालं आहे, बीटा पॉझिटिव्ह आहे" हे असू द्या.

मी जिने चढले, रिक्षाने गेले, पपई खाल्ली. त्यामुळे झालं का?

नाही. गर्भाशय म्हणजे रिकामी पिशवी नव्हे की हालचालीने गर्भ खाली पडेल. तूप लावून एकावर एक ठेवलेल्या दोन पोळ्यांसारखे त्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांना चिकटलेले असतात, आणि गर्भ त्यांच्यामध्ये असतो, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक. खोकला, शिंक, जिना, एसटीचा प्रवास यांनी तो सुटत नाही. ट्रान्सफरनंतर, म्हणजे गर्भ गर्भाशयात सोडल्यानंतर, अंथरुणाला खिळून राहिल्याने यश वाढत नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. सासूबाईंनी किंवा शेजारच्या काकूंनी काहीही म्हटलं तरी हा दोष स्वतःवर घेऊ नका.

परिणाम करतात त्या गोष्टी महिनोन्महिन्यांच्या असतात: तंबाखू, सिगारेट, गुटखा आणि मिश्री. मिश्रीला अनेक घरांत तंबाखू मानतच नाहीत, "दात घासायची" म्हणतात. पण तीही तंबाखूच, आणि निकोटीन हिरडीतून रक्तात जातंच. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" विचारलं तर मिश्रीचं नाव आवर्जून घ्या.

दवाखान्यातून कोणते कागद मागू?

डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पाच गोष्टी मागा. इंजेक्शनांचा तक्ता: कोणतं, किती युनिट, किती दिवस, सोनोग्राफीत फॉलिकलची (बीजाच्या पिशव्यांची) मापं काय. बीज काढल्याच्या दिवसाची नोंद: किती बीजं मिळाली, किती परिपक्व. प्रयोगशाळेचा तक्ता: किती फलित झाली, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी काय दिसलं, गर्भांची प्रत (ग्रेड) काय. ट्रान्सफरची नोंद: अस्तर किती मिलिमीटर, कॅथेटर (गर्भ सोडायची बारीक नळी) सहज गेला का, टोकाला रक्त होतं का. आणि बीज काढल्याच्या दिवसाचा वीर्याचा अहवाल. गोठवलेले गर्भ असतील तर त्यांची संख्या, प्रत आणि तारीखही.

हे कागद देणं हा उपकार नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. लेखी अर्ज करा आणि पोच घ्या.

ते कागद वाचायचे कसे? साखळी कुठे तुटली हे कसं कळतं?

एक तक्ता समोर ठेवू. १४ बीजं मिळाली, ११ परिपक्व, इक्सीनंतर (एका बीजात एक शुक्राणू सुईने सोडल्यावर) ८ फलित, पाचव्या दिवशी ३ ब्लास्टोसिस्ट (पूर्ण वाढलेले पाचव्या दिवसाचे गर्भ), त्यांतला एक ४एए आणि दोन ४बीबी. ही गळती नेहमीची आहे. मिळालेल्यांपैकी साधारण ८० टक्के परिपक्व, त्यांतली ७० टक्क्यांच्या आसपास फलित, आणि फलितांपैकी चाळीस ते पन्नास टक्के पाचव्या दिवसापर्यंत पोचतात. ४एए मधला आकडा गर्भ किती फुगला ते सांगतो, १ ते ६ मध्ये. पहिलं अक्षर ज्यातून बाळ होतं त्या पेशींच्या गोळ्याचं, दुसरं ज्यातून वार होते त्या बाहेरच्या थराचं. या जोडप्याची साखळी प्रयोगशाळेत तुटलेली नाही. त्यांचा प्रश्न रुजण्याचा आहे, आणि दोन गर्भ अजून हातात आहेत. नव्या इंजेक्शनांची त्यांना आत्ता गरजच नाही.

आता दुसरा तक्ता. इथेही १४ बीजंच मिळाली, पण परिपक्व फक्त ५ आणि फलित २. पहिला प्रश्न ट्रिगरचा. हे शेवटचं इंजेक्शन बीज काढण्याआधी ३४ ते ३६ तासांवर द्यायचं असतं. वेळ चुकली, मात्रा कमी पडली किंवा इंजेक्शन थंड न ठेवता नेलं, तर बीजं कच्ची राहतात किंवा निघतच नाहीत. ट्रिगर कुणी दिलं, किती वाजता दिलं, हे आठवून लिहून ठेवा. वेळ बरोबर असेल तर पुढच्या वेळी ट्रिगरचा प्रकार बदलतात किंवा दोन प्रकार एकत्र देतात.

बीजंच दोन-तीन आली असतील तर एएमएच (बीजांचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) आणि अँट्रल फॉलिकलची (सोनोग्राफीत दिसणाऱ्या छोट्या पिशव्यांची) संख्या पाहायची. साठा बरा असून बीजं कमी आली तर मात्रा कमी पडली असेल, ती वाढवता येते. साठाच कमी असेल तर दिवसाला ३०० युनिटच्या वर मात्रा नेऊन फारसं काही मिळत नाही, खर्च तेवढा वाढतो. एएमएच बीजांची संख्या सांगतं, त्यांचा दर्जा नाही. ३० वर्षांच्या बाईचं एएमएच कमी असलं तरी तिची बीजं ३० वर्षांचीच असतात.

बीजं परिपक्व होती पण एकही फलित झालं नाही, आणि साधं आयव्हीएफ केलं होतं, तर पुढच्या वेळी इक्सी. इक्सी करूनही झालं नाही तर बीज सक्रिय करण्यासाठी कॅल्शियम आयनोफोर वापरायचा का, हे विचारा.

तिसऱ्या दिवसापर्यंत गर्भ छान वाढले आणि मग थांबले, असं असेल तर कारण बीजात, शुक्राणूत किंवा प्रयोगशाळेत असू शकतं. तिसऱ्या दिवसापर्यंत गर्भ मुख्यतः बीजातल्या शिदोरीवर चालतो, नंतर त्याची स्वतःची जनुकं काम करू लागतात. दवाखान्याला सरळ विचारा: "आमच्या वयोगटात तुमच्याकडे फलित बीजांपैकी किती टक्के ब्लास्टोसिस्ट होतात?" चांगल्या प्रयोगशाळेला हा आकडा तोंडपाठ असतो.

गर्भ उत्तम, अस्तर ९ मिलिमीटर, सगळं छान म्हणाले. तरी का रुजला नाही?

बहुतेक वेळा उत्तर गर्भाच्या गुणसूत्रांत असतं, आणि ती सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. ४एए दिसणारा गर्भही गुणसूत्रांनी सदोष असू शकतो. तिशीच्या आसपास असं प्रमाण सर्वांत कमी असतं. चाळिशीला निम्म्याहून जास्त गर्भ सदोष निघतात आणि ४२ नंतर चारांतले तीन. म्हणूनच वय हा सर्वांत जड आकडा आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय नोंदींत ३५ च्या आतल्या स्त्रियांमध्ये एका गर्भामागे बाळ होण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांश आहे. स्वतःच्या बीजाने ४३-४४ ला ते विसांत एकाच्या आसपास येतं.

याचा दुसरा अर्थही नीट घ्या. तरुण, निरोगी जोडप्यातसुद्धा एक चांगला गर्भ रुजला नाही, तर त्यात काही बिघाड सापडलाच पाहिजे असं नाही. एका अपयशानंतर वीस तपासण्यांची यादी हातात आली तर थांबा आणि विचारा: "यातल्या कोणत्या तपासणीत काही सापडलं तर उपचार बदलेल?"

मग कोणत्या तपासण्या खरंच कराव्यात?

नळीत पाणी आहे का, हे सर्वांत आधी. पाण्याने फुगलेल्या नळीतलं पाणी गर्भाशयात उतरतं आणि यशाची शक्यता जवळजवळ निम्मी करतं. अशी नळी दुर्बिणीने काढून किंवा क्लिप लावून बंद करायची आणि मगच ट्रान्सफर. सोनोग्राफीत "हायड्रोसालपिंक्स" शब्द आहे आणि तरी पुढचा गर्भ सोडायचं ठरतंय, असं असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

गर्भाशयाच्या आतली दुर्बीण, म्हणजे हिस्टेरोस्कोपी, आधी झाली नसेल तर चांगल्या गर्भांच्या दोन अपयशांनंतर करावी. पॉलिप, पोकळीत आलेला फायब्रॉइड, पडदा, क्युरेटिंगनंतर चिकटलेल्या भिंती या गोष्टी तिथे दिसतात आणि तिथेच दुरुस्त होतात. ॲडिनोमायोसिस, म्हणजे अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूत शिरणं, सोनोग्राफीत दिसतं. त्यात ट्रान्सफरआधी दोन-तीन महिने गर्भाशय शांत करणारी इंजेक्शनं देतात.

आपल्याकडे क्षयाचा विचार करावाच लागतो. गर्भाशयाचा क्षय खोकल्याशिवाय, तापाशिवाय वर्षानुवर्षं राहतो. पाळी कमी होत जाणं, अस्तर काही केल्या ६ मिलिमीटरच्या वर न जाणं, नळ्या बंद असणं या खुणा आहेत. अस्तराचा तुकडा पाळीच्या अगदी आधी घ्यायचा आणि दोन बाटल्यांत घालायचा: हिस्टोपॅथॉलॉजीसाठी फॉर्मेलिनमध्ये, आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) व जीनएक्स्पर्टसाठी (जंतूंची जनुकं शोधणारी तपासणी) सलाइनमध्ये. सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये गेला की जंतू मरतात आणि कल्चर वाया जातं. नुसती पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून सहा महिन्यांची औषधं सुरू करण्याआधी बाकीचा पुरावा पाहायला सांगा. निदान पक्कं असेल तर औषधं सरकारी क्षयरोग कार्यक्रमात मोफत मिळतात.

रक्तात टीएसएच (थायरॉईडसाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक). अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्तात गुठळ्या करणारी प्रतिपिंडं) तपासायच्या त्या मुख्यतः गर्भपात झाले असतील किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर. त्या पॉझिटिव्ह आल्या तर १२ आठवड्यांनी पुन्हा, तेव्हाच निदान पक्कं होतं. पुन्हा पुन्हा अपयश किंवा गर्भपात असेल तर दोघांचं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी.

अस्तर गोळ्यांवर तयार केलेल्या सायकलमध्ये (उपचाराच्या फेरीत) ट्रान्सफरच्या सुमाराला रक्तातलं प्रोजेस्टेरॉन पाहिलं होतं का, हेही विचारा. ते १० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर योनीतल्या गोळ्यांना इंजेक्शनची जोड देतात. पाळी नियमित असेल तर पुढचं गोठवलेल्या गर्भाचं ट्रान्सफर नैसर्गिक सायकलमध्ये करता येतं. सोनोग्राफीच्या फेऱ्या वाढतात, गोळ्या मात्र वाचतात आणि गरोदरपणातल्या रक्तदाबाचा धोकाही कमी राहतो. हा पर्याय आपल्याकडे पुरेसा सांगितला जात नाही.

इंट्रालिपिड, ईआरए, स्क्रॅचिंग सुचवलं आहे. घ्यावं का?

इथे स्पष्ट बोलायला हवं, कारण कर्ज काढून पैसे जातात. अस्तर खरवडण्याच्या स्क्रॅचिंगची मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १,३६४ स्त्रियांत काही फायदा दिसला नाही. गर्भ सोडण्याची वेळ ठरवणाऱ्या ईआरए प्रकारच्या तपासणीची २०२२ ची चाचणी ७६७ स्त्रियांची होती. तपासणीप्रमाणे वेळ बदललेल्या गटात ५८.५ टक्के आणि नेहमीच्या वेळेच्या गटात ६१.९ टक्के बाळं झाली, म्हणजे वेळ बदलून लाभ झाला नाही. इंट्रालिपिड (शिरेतून दिलेलं स्निग्ध द्रावण), रक्तातल्या एनके (प्रतिकारशक्तीच्या) पेशींची तपासणी, अँटिबॉडी नसताना दिलेलं हेपरिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) यांची शिफारस युरोपची वंध्यत्व तज्ज्ञांची संस्था (एश्रे) करत नाही.

पीजीटी-ए, म्हणजे गर्भाची गुणसूत्रं तपासणं, याची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याने गर्भ सुधारत नाहीत, निवडले जातात. तरुण आणि भरपूर गर्भ असलेल्या स्त्रियांत एकूण बाळांची संख्या त्याने वाढली नाही. २०२१ च्या चाचणीत ती उलट किंचित कमीच होती, ७७ विरुद्ध ८२ टक्के. वय जास्त आहे, गर्भ तीन-चार आहेत, आणि निष्फळ ट्रान्सफर किंवा गर्भपात टाळायचे आहेत, तर त्याचा उपयोग होतो. गर्भ एकच असेल तर सहसा नको. अशा तपासणीतून मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा आहे, आणि कुणी "बघून सांगतो" म्हणालं तर तो दवाखाना सोडा.

गर्भ राहिला होता, पण सातव्या आठवड्यात ठोके थांबले. आता काय तपासायचं?

क्युरेटिंग होणार असेल तर आधीच सांगा की निघालेला भाग गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवायचा आहे. तो सलाइनमध्ये न्यायचा. फॉर्मेलिनमध्ये टाकला की पेशी वाढवता येत नाहीत. दोष गर्भातच होता असं निघालं तर गर्भाशयाच्या तपासण्यांचा मोठा खर्च टळतो, आणि "माझंच काही चुकलं" हे ओझंही उतरतं. नोकरी करणाऱ्या स्त्रीला गर्भपातानंतर कायद्याने सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, डॉक्टरांचा दाखला लागतो. गर्भपात आयव्हीएफनंतरचा आहे म्हणून ही रजा नाकारता येत नाही.

नवऱ्याचे रिपोर्ट नॉर्मल आहेत. त्यांना पुन्हा तपासायची गरज आहे?

वर्षभरापूर्वीचा रिपोर्ट असेल तर आहे. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७२ ते ७४ दिवस लागतात. म्हणून आज तंबाखू, दारू सोडली किंवा वजन उतरवलं तर फरक तीन महिन्यांनी दिसतो. पुढची सायकल पंधरा दिवसांवर असेल तर त्या बदलाचा तिला उपयोग नाही. आणखी एक प्रश्न, जो बायकोसमोर विचारायला संकोच होतो: जिममध्ये टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा "मसल" वाढवणारी पावडर घेता का? बाहेरून घेतलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती बंद पाडतं, कधी शून्यावर आणतं. ते थांबवल्यावर बहुतेकांत शुक्राणू परत येतात, पण महिने लागतात.

किती दिवसांनी पुन्हा सुरू करायचं?

गोठवलेले गर्भ असतील तर एक पाळी गेली की वैद्यकीयदृष्ट्या पुढचं ट्रान्सफर करता येतं. पुन्हा इंजेक्शनं घ्यायची असतील तर एक-दोन पाळ्या थांबतात. अंडाशय जास्त सुजले असतील, पोटात पाणी झालं असेल, तर ते पूर्ण उतरेपर्यंत. ३२ व्या वर्षी सहा महिने थांबल्याने फारसं बिघडत नाही. ४१ व्या वर्षी सहा महिने ही मोठी गोष्ट आहे. त्या वयात मनाला विश्रांती हवी असेल तर गर्भ गोठवून ठेवून विश्रांती घेता येईल का, हे विचारा.

दवाखाना बदलावा का? आमचे गोठवलेले गर्भ तिथेच आहेत.

डॉक्टर अपयशावर बसून बोलायला तयार नसतील, तक्ता देत नसतील, किंवा "पुढच्या वेळी काय बदलणार?" याचं उत्तर "बघू" एवढंच असेल, तर दुसरं मत घ्या. आधी मत घ्यायचं, मग दवाखाना बदलायचा. दोन्ही एकाच आठवड्यात नको. नव्या ठिकाणी आयव्हीएफसाठीची लेव्हल २ ची नोंदणी आहे का, ते पाहा. नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं. स्वतःचे गर्भ स्वतःसाठी दुसरीकडे न्यायला २०२१ च्या एआरटी (सहायक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, म्हणून हे काम एका दिवसाचं नाही. जुन्या ठिकाणी गर्भ शिल्लक असतील तर अनेकदा तेच आधी तिथे वापरणं शहाणपणाचं ठरतं.

कायद्याने प्रत्येक दवाखान्यात तक्रार कक्ष असायला हवा. फसवणूक झाल्यासारखी वाटत असेल तर आधी तिथे लेखी तक्रार करा, मग राज्याच्या प्राधिकरणाकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जा.

किती वेळा प्रयत्न करावा? पैसे संपत आले आहेत.

शक्यता एका ट्रान्सफरवरून मोजू नका. एका वेळी काढलेल्या बीजांपासून झालेले सगळे गर्भ वापरून झाले की एक प्रयत्न पूर्ण झाला असं धरा. पहिल्या दोन-तीन पूर्ण प्रयत्नांत एकत्रित शक्यता चांगली वाढते, पुढे वाढ मंदावते. पण ४३ नंतर स्वतःच्या बीजाने चौथा, पाचवा प्रयत्न करा असं सांगणाऱ्याने आकडे समोर ठेवले पाहिजेत.

महाराष्ट्रातल्या शहरांत औषधांसकट एका पूर्ण सायकलचा खर्च साधारण दीड ते अडीच लाख होतो. गोठवलेल्या गर्भाचं ट्रान्सफर त्याच्या बऱ्याच कमी खर्चात होतं. "तीन सायकलचं पॅकेज" घेण्याआधी लेखी विचारा: औषधं धरली आहेत का, गर्भ गोठवण्याचं वार्षिक भाडं कुणाचं, बीजंच मिळाली नाहीत तर ती सायकल मोजली जाते का, मधेच थांबलो तर किती परत. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ पासून सरकारी आयव्हीएफची मोफत सोय आहे.

पुढच्या सायकलआधी दोघांनी एका कागदावर तीन आकडे लिहावेत: जास्तीत जास्त किती रुपये, किती प्रयत्न, कोणत्या तारखेपर्यंत. निकालानंतर नव्हे, आधी. दागिने आणि शेत या दोन गोष्टींना हात लावायचा नाही, एवढं तरी त्यावर लिहाच. निकालाच्या रात्री सगळे आकडे वितळतात.

दात्याचं बीज घ्यायला सांगितलं आहे. मन तयार होत नाही.

तयार व्हायला वेळ लागतोच, आणि नाही म्हणणंही योग्यच. दात्याच्या बीजाने यश दात्याच्या वयावर ठरतं, म्हणून वयाने किंवा बीजांच्या दर्जाने अडलेल्या जोडप्यांना त्याने मोठा फरक पडतो. गर्भाशयाचा दोष असेल तर पडत नाही. कायद्याने बीजदाती २३ ते ३५ वर्षांची, आयुष्यात एकदाच देणारी, आणि तिच्याकडून जास्तीत जास्त ७ बीजं घेता येतात. ती नोंदणीकृत बँकेतूनच यावी लागते. वरच्या हिशेबाने ७ बीजांतून एक किंवा दोन ब्लास्टोसिस्ट धरून चाला, आणि "दहा गर्भ नक्की" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उपचार घेणाऱ्या स्त्रीचं वय ५० पर्यंत आणि पुरुषाचं ५५ पर्यंत असावं लागतं. जन्मलेलं मूल कायद्याने तुमचंच, दात्याचा त्यावर हक्क नसतो.

मुलाला हे सांगायचं का, हे ट्रान्सफरआधीच दोघांनी बोलून घ्या. सांगणार नसाल तर आजीला, मावशीलाही सांगू नका. मुलाला ते भांडणात, तिसऱ्याच्या तोंडून कळणं सर्वांत वाईट. लहानपणापासून सांगितलेलं मुलं सहज घेतात.

सरोगसी, म्हणजे आपला गर्भ दुसऱ्या स्त्रीने वाढवणं, शक्य आहे का?

आहे, पण वाट अरुंद आहे. २०२१ च्या कायद्याने पैसे देऊन सरोगसी बंद आहे, वैद्यकीय खर्च आणि ३६ महिन्यांचा विमा तेवढा देता येतो. पुन्हा पुन्हा आयव्हीएफ अयशस्वी होणं हे मान्य कारण आहे, मात्र जिल्हा वैद्यकीय मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वर्षांचा. सरोगेट २५ ते ३५ वर्षांची, लग्न झालेली, स्वतःचं मूल असलेली, आणि आयुष्यात एकदाच. तिचं स्वतःचं बीज वापरता येत नाही. पालकत्वाचा आदेश प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडून आधीच घ्यावा लागतो. गर्भच सदोष होत असतील तर सरोगसीने प्रश्न सुटत नाही, हे आधी तपासा.

दत्तकासाठी आत्ताच नाव नोंदवावं का?

दत्तक हा आयव्हीएफचा उतारा नाही, पण वेळेचा हिशेब आहे. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या पोर्टलवर होते. लहान, निरोगी बाळासाठी तीन वर्षांहून अधिक काळ थांबावं लागतं. लग्नाला दोन स्थिर वर्षं हवीत. दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोघांच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०, चार ते आठसाठी १००. घरभेटीचा अहवाल तीन वर्षं चालतो. बाळाची माहिती आली की ४८ तासांत होकार कळवायचा असतो. अंतिम आदेश आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. दवाखान्यातून, नर्सकडून किंवा "ओळखीतून" थेट मिळणारं बाळ घेऊ नका, तो गुन्हा आहे.

आम्हाला थांबायचं आहे. गोठवलेल्या गर्भांचं काय?

गर्भ सोडण्याआधी कोणत्याही क्षणी संमती मागे घेता येते, तेव्हा थांबायला कुणाची परवानगी नको. गोठवलेले गर्भ कायद्याने जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात. ते ठेवायचे, विसर्जित करायचे की संशोधनाला द्यायचे, हे दोघांच्या लेखी संमतीने ठरतं. वार्षिक भाडं न भरता गप्प बसणं हा मार्ग नव्हे. भरायचं नसेल तर लेखी कळवा.

एकाला पुढे जायचं आहे, दुसऱ्याला नाही.

मग आत्ता कुणीच जायचं नाही. तारीख ठरवा, समजा आठ आठवडे, आणि तोवर विषय बंद. त्या दिवशी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर "मला कशाची भीती वाटते" एवढंच लिहून अदलाबदल करा. नवऱ्याला पैशांची नव्हे तर तिला पुन्हा भुलीखाली पाहायची भीती होती, असं कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

नातेवाइकांना काय सांगायचं? बारशाला, ओटीभरणाला जावंच लागतं का?

जाणं सक्तीचं नाही. "तब्येत बरी नाही, नंतर भेटायला येते" हे पूर्ण वाक्य आहे. आपल्या बाजूच्या माणसांना आपण सांगायचं, म्हणजे सासरी नवऱ्याने आणि माहेरी तिने: "उपचार चालू आहेत, सांगण्यासारखं असेल तेव्हा आम्हीच सांगू." पुढच्या सायकलची तारीख कुणालाही देऊ नका, नाहीतर बरोबर चौदाव्या दिवशी फोन येतो.

रडू येणं, चिडचिड, झोप न लागणं काही दिवस चालणारच. दोन आठवड्यांनंतरही उठावंसं वाटत नसेल, जेवण तुटलं असेल, जगू नये असे विचार येत असतील, तर समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. १४४१६ ही टेली-मानसची मोफत सेवा चोवीस तास, मराठीतूनही मिळते. नवऱ्यालाही तिथे बोलता येतं. त्याला बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं.

या मधल्या महिन्यांत आपोआप राहू शकतं का?

नळ्या उघड्या असतील, पाळी नियमित असेल आणि शुक्राणू पुरेसे असतील तर हो. कारण सापडलं नाही अशा जोडप्यांत हे घडतं, त्यावर भरवसा ठेवून ४० व्या वर्षी वर्षभर थांबू नका, एवढंच. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम चालू ठेवा. पाळी आठवडाभर लांबली तर कोणतीही गोळी किंवा एक्स-रे घेण्याआधी लघवीची पट्टी करा.